परदेशी जोडीदार आणि अमेरिकेचा विवाह-व्हिसा: वाट कुठली, वेळ किती, अडतं कुठे

अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी संसार थाटून तिकडे राहायला जायचं असेल, तर लग्नाची तारीख काढण्याआधी व्हिसाची वाट ठरवावी. लग्नाआधी भरायचा अर्ज वेगळा, लग्नानंतरचा वेगळा, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही. वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज चालू असताना घरच्यांच्या आग्रहाखातर लग्न उरकलं, की तो अर्ज तिथेच संपतो. शुल्क पुन्हा भरायचं आणि रांगेत शेवटी जाऊन उभं राहायचं. अमेरिकेतून अर्ज करणारी व्यक्ती म्हणजे स्पॉन्सर आणि परदेशातून येणारी व्यक्ती म्हणजे जोडीदार, असे शब्द इथे वापरले आहेत.

आधी माणसाची खात्री

ऑनलाइन ओळखीतून लग्नापर्यंत जाणाऱ्यांनी कागदपत्रांआधी माणूस तपासावा. व्हिडिओ कॉल टाळणं, प्रत्यक्ष भेटीच्या आदल्या दिवशी अपघात किंवा आजारपण निघणं, ‘व्हिसासाठी’ म्हणून गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोत पैसे मागणं, ही फसवणुकीची ठरलेली लक्षणं. सरकारी शुल्क सरकारी खात्यातच जमा होतं, तेव्हा व्हिसाचे पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात मागितले तर तिथेच थांबावं. प्रोफाइलमधला फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. तो तिसऱ्याच नावाने सापडला तर पुढचं सगळं वाचतं.

धोका एकाच बाजूला असतो असं मात्र नाही. परदेशातल्या जोडीदाराने स्पॉन्सरचीही चौकशी करावी: आधीची लग्नं, घटस्फोटाचे हुकूम, नोकरी, कर्ज, घरात नेमकं कोण कोण राहतं. अमेरिकेत २००५ सालच्या आंतरराष्ट्रीय विवाह-दलाल नियमन कायद्यानुसार, परदेशी स्त्रियांची स्थळं सुचवणाऱ्या व्यावसायिक दलालाने अमेरिकन ग्राहकाची गुन्हेगारी आणि वैवाहिक पार्श्वभूमी गोळा करून ती त्या स्त्रीला तिच्या भाषेत द्यावी लागते आणि तिची लेखी संमती मिळाल्यावरच तिचा संपर्क ग्राहकाला देता येतो. स्त्री-पुरुष दोघांना सारखीच सेवा देणारी आणि परदेशी स्थळं हा मुख्य धंदा नसलेली डेटिंग संकेतस्थळं या कायद्यात येत नाहीत. तिथे ही माहिती आपोआप मिळेल असं धरून चालू नये. के-१ च्या, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसाच्या, अर्जात मात्र स्पॉन्सरला ठरावीक गुन्ह्यांची शिक्षा उघड करावीच लागते, आणि ती माहिती मुलाखतीच्या वेळी जोडीदाराला सांगितली जाते. अल्पवयीन मुलांविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या स्पॉन्सरला २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्यामुळे, अगदी मोजके अपवाद सोडले तर, कुटुंबीयांसाठी अर्जच करता येत नाही.

पहिल्या भेटीपासून पुरावे जपण्याची सवय लावावी. तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, हॉटेलच्या दोघांच्या नावाच्या पावत्या, वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो. दीड वर्षानंतर हे शोधायला बसलं की अर्धं हरवलेलं असतं.

तीन वाटा

पहिली वाट के-१, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा. स्पॉन्सर अमेरिकन नागरिकच हवा. ग्रीन कार्डधारकाला ही वाट बंद आहे. अर्ज भरण्याआधीच्या दोन वर्षांत दोघं निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेली असावीत. व्हिडिओ कॉल कितीही झाले तरी ते भेटीत धरत नाहीत. यातून सूट मिळते, पण ठाम रूढी किंवा अत्यंत बिकट परिस्थिती सिद्ध करावी लागते, आणि फार कमी जणांना ते जमतं. तिकीट काढून भेटणं जवळपास नेहमीच सोपं पडतं. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावं लागतं आणि ही मुदत वाढत नाही.

दुसरी वाट लग्नानंतरची. नागरिकाने आय-१३० हा नात्याचा अर्ज भरायचा आणि जोडीदाराने सीआर-१ किंवा आयआर-१ व्हिसावर यायचं. उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर सीआर-१, आणि हातात दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. पूर्ण झाली असतील तर आयआर-१ आणि दहा वर्षांचं कार्ड. यात धरला जातो तो उतरण्याचा दिवस. लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला तीनच आठवडे उरले असतील आणि व्हिसाची मुदत तेवढी पुरत असेल, तर प्रवास पुढे ढकलणं फायद्याचं. कार्डावरची अट काढण्याचा पुढचा एक अख्खा अर्ज आणि त्याचे ७५० डॉलर वाचतात. अशा वेळी व्हिसावर सीआर-१ छापलेलं असेल, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून नोंद बदलून घ्यायला विसरू नये.

तिसरी वाट एफ-२ए, ग्रीन कार्डधारकाच्या पती-पत्नीची. इथे वार्षिक कोटा असल्याने अर्ज मंजूर होऊनही थांबावं लागतं, आणि हे थांबणं वर्षांत मोजायचं असतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमधली तारीख आपल्या अर्जाच्या तारखेच्या पुढे सरकली की आपला नंबर लागतो. मधल्या काळात स्पॉन्सर नागरिक झाला तर कोट्याची अट गळून पडते. यात एक खाच आहे. एफ-२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्याच अर्जात सामावतात. नागरिकाच्या अर्जात तसं होत नाही, प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. नागरिकत्वाच्या आनंदात हे राहून गेलं की आईचा व्हिसा येतो आणि मूल मागे राहतं.

जोडीदाराला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर वाट निवडण्याआधी त्याचं वय पाहावं. आय-१३० साठी सावत्र नातं मूल १८ वर्षांचं होण्याआधी झालेल्या लग्नातून जुळावं लागतं. के-१ सोबतचा के-२ मात्र २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलाला मिळतो. मूल साडेअठरा वर्षांचं असताना लग्न केलं आणि मग आय-१३० भरायला घेतला, तर त्या मुलासाठी ही वाट उरत नाही.

पर्यटक व्हिसावर जाऊन लग्न करणं आणि परत येणं कायद्यात बसतं. तिथेच राहायचं मनात ठरवून, विमानतळावर मात्र ‘फिरायला आलो’ म्हणून सांगणं ही चुकीची माहिती ठरते, आणि तिचा डाग आयुष्यभर राहू शकतो. हा सल्ला देणारे ओळखीपाळखीचे लोक पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये.

वेळ: एक रांग नव्हे, तीन

‘व्हिसाला किती महिने?’ या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, कारण फाइल तीन वेगळ्या कार्यालयांतून जाते आणि प्रत्येकाची गती निराळी. पहिली रांग अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाची, म्हणजे यूएससीआयएसची, तिथे नातं खरं आहे का ते पाहतात. दुसरी नॅशनल व्हिसा सेंटरची, म्हणजे एनव्हीसीची, तिथे कागद आणि पैशांची हमी तपासतात. तिसरी वकिलातीची, तिथे माणूस समोर बसवून निर्णय घेतात.

गेल्या काही वर्षांचा अनुभव ढोबळमानाने असा: नागरिकाच्या आय-१३० ला वर्ष ते दीड वर्ष, एनव्हीसीमध्ये कागद वेळेवर दिले तर दोन-तीन महिने, आणि मुलाखतीच्या तारखेसाठी एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत काहीही. सगळं मिळून दीड ते दोन वर्षं धरून चालावं. के-१ ला साधारण वर्षभर लागतं, पण पुढे अमेरिकेत ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज आणि त्याचे महिने असतात. वेगळं राहण्याचा काळ के-१ मध्ये कमी, ग्रीन कार्ड हातात पडायला लागणारा एकूण काळ मात्र बहुतेकदा तेवढाच किंवा जास्त.

यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर दिसणारा कालावधी म्हणजे अलीकडे निकाली निघालेल्यांपैकी ८० टक्के अर्ज जेवढ्या वेळात संपले तो वेळ. त्याला सरासरी किंवा वचन समजू नये. बऱ्याच जणांचं त्याआधी होतं, काहींचं बरंच नंतर. त्यामुळे नोकरीचा राजीनामा, घर सोडणं, परत न होणारं तिकीट यांपैकी काहीही व्हिसा प्रत्यक्ष पासपोर्टवर चिकटेपर्यंत करू नये. मुलाखतीत ‘मंजूर’ ऐकलं तरीही.

खर्चात फरक मोठा आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१३० ऑनलाइन ६२५ डॉलर (कागदी ६७५), एनव्हीसीचे ३२५ आणि १२०, आणि व्हिसा मिळाल्यावर कार्डासाठी २३५. ऑनलाइन मार्गाने एकूण १,३०५ डॉलर. के-१ मध्ये आय-१२९एफ या मूळ अर्जाचे ६७५, व्हिसाचे २६५ आणि तिथे गेल्यावर आय-४८५ या ग्रीन कार्डच्या अर्जाचे १,४४० धरून २,३८०. कामाचा परवाना आणि प्रवासाची परवानगी हवी असेल तर ते वेगळे. वैद्यकीय तपासणी आणि भाषांतरं दोन्हीकडे याखेरीज. दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत पानावरच पाहावेत. चुकीच्या रकमेचा अर्ज तपासणीला न घेता जसाच्या तसा परत येतो.

अर्ज भरताना

आय-१३० सोबत स्पॉन्सरच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, दोघांच्या आधीच्या प्रत्येक लग्नाच्या समाप्तीचा कागद, पासपोर्ट मापाचे फोटो आणि जोडीदाराच्या माहितीचा आय-१३०ए जोडावा. आय-१२९एफ मध्ये याखेरीज दोघांची स्वतंत्र, सहीची पत्रं लागतात: आम्ही लग्नाला मोकळे आहोत आणि ९० दिवसांत लग्न करणार आहोत, असं सांगणारी. ही पत्रं राहिली किंवा सही राहिली म्हणून परत विचारणा येणं फार नेहमीचं आहे. प्रत्येक विचारणा म्हणजे एक-दोन महिने उशीर.

इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर हवं. भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर अचूक आहे’ असं लिहून नाव, सही, तारीख द्यावी. शिक्के आणि समासातल्या हस्तलिखित नोंदीही भाषांतरात याव्यात.

नातं खरं असल्याचे पुरावे देताना ढीग लावण्यापेक्षा सलगता दाखवावी. एकाच समारंभाचे शंभर फोटो म्हणजे अधिकाऱ्याच्या दृष्टीने एकच दिवस. तीन वर्षांत पसरलेले वीस फोटो, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि सोबतच्यांची नावं, हे कितीतरी वजनदार. चॅटची हजार पानं कुणी वाचत नाही. दर दोन-तीन महिन्यांतला एखादा नमुना पुरतो. विम्यात, बँकेत किंवा भविष्य निर्वाह निधीत एकमेकांचं वारस म्हणून नाव, पाठवलेले पैसे, एकत्र भाडेकरार यांना सर्वांत जास्त किंमत. मित्रांची शपथपत्रं असावीत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध असेल तर साधारणपणे अमेरिकेतही वैध धरतात. अपवाद दोघं एका जागी नसताना झालेल्या लग्नाचा. व्हिडिओवरून लग्न लावून प्रमाणपत्र मिळालं, तरी त्यानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र येऊन वैवाहिक संबंध प्रस्थापित झाल्याशिवाय व्हिसासाठी ते चालत नाही. एकत्र येण्याआधीच अर्ज टाकला तर तो याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो.

नावाची स्पेलिंग पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्रावर जुळत नसेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्तीला लागणारे महिने आय-१३० च्या रांगेत फुकट निघतात, मुलाखतीच्या तोंडावर तेच महाग पडतात.

एनव्हीसी आणि पैशांची हमी

मंजुरीनंतर एनव्हीसीकडून केस नंबर आणि इन्व्हॉइस क्रमांक येतो. शुल्क भरून डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा, त्यातच सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी होकार द्यावा, म्हणजे पोहोचल्यावर एक खेप वाचते. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला नेमका कुठल्या कार्यालयाचा चालतो, ते परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार दिलं आहे. तो मजकूर शब्दशः पाळावा. पोलिसांचा दाखला १६ व्या वर्षानंतरच्या वास्तव्यासाठी लागतो: स्वतःच्या देशात आणि सध्याच्या देशात सहा महिन्यांहून जास्त, इतर देशांत वर्षभर किंवा अधिक राहिलं असल्यास. अटक कुठेही झाली असेल तर मुदतीचा प्रश्नच नाही, तिथला दाखला हवाच. परदेशातला दाखला यायला वेळ लागतो, म्हणून तो मंजुरीच्या सुमारास मागवायला घ्यावा. एनव्हीसीच्या नोटिशीनंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद पडू शकते.

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या आय-८६४ या हमीपत्रापाशी. स्पॉन्सरचं उत्पन्न त्याच्या कुटुंबाच्या आकारासाठी ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घरासाठी हे वर्षाला २६,४३७ डॉलर, अलास्का आणि हवाईत जास्त. सक्रिय सैन्यसेवेतल्यांना पत्नीसाठी किंवा पतीसाठी १०० टक्के पुरतं. घर मोजताना जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि आधी ज्यांची हमी घेतली ते सगळे धरायचे. लोक आधीच्या हमीतली माणसं विसरतात आणि मग आकडा बसत नाही.

उत्पन्न कमी पडलं तर दोन उपाय. पहिला, मालमत्ता: नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट निव्वळ मालमत्ता दाखवावी, म्हणजे ६,००० डॉलर कमी पडत असतील तर १८,०००. दुसरा, अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार. सहहमीदार आला तरी मूळ स्पॉन्सरला स्वतःचा आय-८६४ द्यावाच लागतो. स्पॉन्सर स्वतःच परदेशात राहत असेल तर आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: तो अमेरिकेत परत स्थायिक होणार आहे. नोकरीचं पत्र, घर शोधल्याचे कागद, मुलांचा शाळाप्रवेश, तिथलं बँक खातं असं काही हाताशी असावं.

हे हमीपत्र म्हणजे अंमलबजावणी करता येणारा करार आहे, आणि घटस्फोटाने तो संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यात कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत, किंवा मृत्यूपर्यंत जबाबदारी चालू राहते. सहहमीदार होणाऱ्या काकांना सही घेण्याआधी हे सांगायलाच हवं.

मुलाखत

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. ती फार आधी करू नये. व्हिसाची मुदत तपासणीच्या मुदतीला बांधलेली असते, आणि ती बहुतेकदा सहा महिने. मूळ कागद, प्रती, भाषांतरं वेगवेगळ्या कप्प्यांत न्यावीत. एनव्हीसीला पाठवल्यानंतर जे बदललं, म्हणजे नवी नोकरी, नवा पत्ता, बाळाचा जन्म, त्याचे ताजे कागदही.

प्रश्न साधे असतात: भेट कशी झाली, लग्नाला कोण होतं, जोडीदार काय काम करतो, आधीचं लग्न कधी मोडलं. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं. अर्जात लिहिलेलं आणि तोंडाने सांगितलेलं यात फरक पडला की संशय तिथून सुरू होतो, म्हणून जाण्याआधी दोघांनी स्वतःचेच अर्ज पुन्हा वाचावेत.

हाती कलम २२१(जी) चा कागद मिळाला तर तो कायमचा नकार नव्हे. एखादा कागद कमी असतो किंवा पडताळणी बाकी असते. मागितलेला कागद वर्षाच्या आत दिला नाही तर सगळं नव्याने. पडताळणीला किती वेळ लागेल हे वकिलातही सांगत नाही. आधी अमेरिकेत मुदतीबाहेर राहिलेल्यांची गोष्ट वेगळी: १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेशबंदी, आणि माफीचा स्वतंत्र अर्ज. अशा प्रकरणात, जुन्या अटकेच्या प्रकरणात किंवा आधीच्या नकारात वकिलाची फी सार्थकी लागते. सरळ प्रकरणात तिची गरज नसते. खोटं लग्न सिद्ध झालं तर मात्र पुढची प्रत्येक याचिका कायमची बंद, आणि फौजदारी शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

जून २०२५ पासून काही देशांच्या नागरिकांवर राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने प्रवेशनिर्बंध आहेत. यादी आणि अपवाद दोन्ही बदलत असल्याने मुलाखतीच्या आठवड्यात वकिलातीचं पान पाहून घ्यावं.

पोहोचल्यावर

के-१ वर आलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या परवान्याची चौकशी करावी. राज्यागणिक नियम वेगळे, कुठे परवाना आणि समारंभ यांत सक्तीचं अंतरही असतं. लग्न होताच आय-४८५ सोबत कामाचा परवाना आणि प्रवासपरवाना यांचे अर्ज एकत्र टाकावेत. प्रवासपरवाना हातात येण्याआधी देशाबाहेर पाऊल ठेवलं तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. जवळच्या माणसाच्या आजारपणात लोक हे विसरतात, आणि मग परतीचा मार्ग नव्या आय-१३० पासून सुरू होतो. काम करता न येण्याचे हे महिने घराच्या हिशेबात आधीच धरावेत. सीआर-१ किंवा आयआर-१ वाल्यांना हा प्रश्न नाही. व्हिसावरचा प्रवेश-शिक्का वर्षभर ग्रीन कार्डाचं काम करतो आणि दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते.

दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल तर ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे अट काढण्याचा अर्ज, भरायचा. त्याच्याआधी पाठवला तर परत येतो, नंतर पाठवला तर दर्जा धोक्यात येतो. पावतीपत्राने कार्डाची मुदत ४८ महिने वाढते, म्हणून ते कार्डासोबतच ठेवावं. मधल्या काळात घटस्फोट झाला किंवा छळ होत असेल, तर दोघांच्या सहीच्या अटीतून सूट मागून जोडीदाराला एकट्याने हाच अर्ज करता येतो. ‘सही देणार नाही, परत पाठवीन’ ही धमकी कायद्यापुढे टिकत नाही. मात्र संसार खरा होता याचे पुरावे लागतात, तेव्हा संयुक्त खात्याची विवरणपत्रं, भाडेकरार, विमा आणि एकत्र भरलेल्या कराचे कागद यांची एक प्रत प्रत्येकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावी.